घाटात बंद, गॅरेजात चालू: एका पद्मिनीच्या इग्निशनचं प्रकरण

सोसायटीतल्या काकांनी माझ्यासमोर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडला. आत तीन कंडेन्सर, एक इग्निशन कॉइल, दोन पॉइंट सेट, एक रोटर आणि चार प्लग होते. "हे सगळं बदलून झालं," ते म्हणाले. "आता फक्त गाडीच बदलायची राहिलीय."

गाडी म्हणजे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, फिकट निळी, काकांच्या हाती सतरा वर्षं असलेली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून जी गाडी बनू लागली, तिचंच १९७४ पासूनचं नाव पद्मिनी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगला चिकटलेला गिअरचा दांडा, आणि इग्निशन, म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगी देण्याची व्यवस्था, म्हणाल तर अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमारास रूढ केलेली जुनी पद्धत: बॅटरी, विजेचा दाब वाढवणारी कॉइल, उघडझाप करून तिचा प्रवाह तोडणारे पॉइंट आणि पॉइंटवरची ठिणगी आवरणारा कंडेन्सर. यात ना कॉम्प्युटर ना सेन्सर. बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसलाच पाहिजे, अशी ही गाडी. पण काकांच्या गाडीतला बिघाड दोन उन्हाळे कुणालाच दिसला नव्हता.

तक्रार अशी. पुण्यात गाडी व्यवस्थित चालायची. भाजी, बँक, लग्नकार्य, सगळं बिनतक्रार. काका वाईजवळच्या गावी निघाले की मात्र शिरवळच्या पुढे, बहुतेक वेळा खंबाटकी घाट चढताना, इंजिन अचानक बंद पडायचं. धाप लागून नव्हे, कुणीतरी चावी फिरवल्यासारखं एकदम. बाजूला घ्यायची, बोनेट उघडायचं, थांबायचं. कधी दोन मिनिटांत सुरू, कधी पंचवीस मिनिटांनी. मग पुढे गावापर्यंत एक शब्द नाही. पुण्यात परत आणून गॅरेजात दाखवली की गाडी इतकी शहाण्यासारखी चालायची की काकांनाच वेड्यात काढलं जायचं.

मी धंद्याने मेकॅनिक नाही. एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात दुरुस्ती विभागात तीस वर्षं काढली. तिथे अशा तक्रारीच्या कागदावर आम्ही 'कधीकधी' असा लाल शेरा मारायचो आणि तो कागद सगळ्यांत खाली सरकवायचो. त्यामुळे हे प्रकरण अंगावर घेताना उत्साहापेक्षा धास्ती जास्त होती.

पहिल्या दिवशी मी बोनेट उघडलंच नाही. वही काढली आणि काकांना एकेक प्रसंग आठवायला लावला. काकांची स्मरणशक्ती चांगली, शिवाय पेट्रोलच्या पावत्या जपून ठेवायची सवय, त्यामुळे अकरा प्रसंग तारखांसकट निघाले. अकराही मार्च ते जून या दिवसांतले. घाटातले आठ, कात्रजच्या चढावरचे दोन, आणि एक सिंहगड रस्त्यावरच्या तुंबलेल्या वाहतुकीतला. मधल्या पावसाळ्यातही गाडी एकदा रुसली होती, पण तेव्हा ती सकाळी थंड असताना सुरूच होत नव्हती आणि डिस्ट्रिब्युटरची (ज्यात पॉइंट बसतात आणि जो प्रत्येक प्लगला ठिणगी वाटतो, त्या भागाची) कॅप आतून कोरडी पुसल्यावर लगेच सुरू झाली. ते दुखणं निराळं, आणि त्याचं औषधही तिथल्या तिथे मिळालं होतं. ते मी यादीतून काढून टाकलं. दोन निराळे आजार एकाच केसपेपरवर लिहिले की डॉक्टर चकतो, तसं इथे झालं होतं.

मग काय काय बदललं आणि त्यानंतर गाडी किती दिवस बरी चालली, हे विचारलं. इथे गंमत सुरू झाली. पहिला कंडेन्सर बदलल्यावर गाडी तीन आठवडे नीट. दुसरा बदलल्यावर दोन फेऱ्या नीट. कॉइल बदलल्यावर महिनाभर नीट, त्यात दोनदा घाट. पॉइंट बदलले, पुन्हा काही दिवस नीट. प्रत्येक दुरुस्ती यशस्वी झाली होती! प्रत्येक मेकॅनिकला आपण दोष पकडला असंच वाटलं असणार, आणि त्या त्या दिवसापुरता पुरावाही त्यांच्या बाजूने होता. मला मात्र संशय आला तो याचाच. पाच निरनिराळे भाग ओळीने बिघडतात आणि पाचही बदलल्यावर थोडे थोडे दिवस गुण येतो, यापेक्षा हे जास्त संभवतं की दोष या पाचांच्या शेजारी कुठेतरी बसलाय आणि प्रत्येक दुरुस्तीत कुणाचा तरी हात त्याला लागतोय.

वहीत आणखी एक गोष्ट सापडली, ती काकांनाही नवी होती. गाडी बंद पडल्यावर ते नुसते झाडाखाली बसून राहिले, तेव्हा वीस-पंचवीस मिनिटं लागली. ट्रकवाल्याने किंवा कुणा वाटसरूने बोनेटमध्ये हात घालून वायरी चाचपल्या, तेव्हा दोन-पाच मिनिटांत सुरू झाली. एकाने प्लगच्या वायरी दाबून बसवल्या होत्या, दुसऱ्याने 'करंट येतोय का' बघायला कॅप काढून परत लावली होती. काका त्या माणसांना देवमाणूस म्हणत होते.

काकांचा स्वतःचा सिद्धांत पेट्रोलचा होता. उन्हाळ्यात पेट्रोल पंपात वाफ धरते, लॉक होतं, म्हणून पंपावर ओलं फडकं टाकायचं. त्यासाठी डॅशबोर्डच्या कप्प्यात फडकं आणि पाण्याची बाटली कायम. हा सिद्धांत काही चुकीचा नाही. इंजिनला चिकटलेला यांत्रिक पंप असलेल्या जुन्या गाड्यांत वाफेने पेट्रोल अडतं, आणि तेही नेमकं उन्हाळ्यात, चढावर. लक्षणं इतकी जुळतात की निम्मे लोक इथेच थांबतात.

पण पेट्रोल तुटतं तेव्हा इंजिन असं मरत नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल शिल्लक असतं, ते संपत जातं, गाडी झटके देते, ॲक्सिलरेटरला दाद देईनाशी होते, खोकते, मग बंद पडते. त्यात काही सेकंद जातात. करंट तुटला तर एका क्षणात सगळं शांत. शिवाय मी काकांना विचारलं, "कधी सायलेन्सरमधून फटाका वाजला का?" ते चमकले. दोनदा वाजला होता. एकदा तर मागचा स्कूटरवाला घाबरून थांबला होता. गाडी गिअरमध्ये असताना ठिणगी गेली, तरी चाकं इंजिन फिरवत राहतात. सिलिंडर पेट्रोलची हवा ओढतात आणि न जाळता सायलेन्सरमध्ये सोडतात. तेवढ्यात ठिणगी परत आली की साठलेलं सगळं एकदम पेटतं. पेट्रोल नसेल तर फटाक्याला दारू कुठून येणार? हा फटाका ऐकून मी पेट्रोलचा मुद्दा माझ्यापुरता बाजूला ठेवला. काकांनी ठेवला नाही.

आता डब्यातल्या भागांकडे वळलो. जुने पॉइंट भिंगाखाली पाहिले. कंडेन्सर खरोखर गेला असेल तर पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये निळसर ठिणगी नाचते आणि धातू काळा पडतो, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ येतं. इथे दोन्ही सेट स्वच्छ, करडे, सपाट. म्हणजे जो कंडेन्सर पहिल्यांदा काढून टाकला, तो आपलं काम नीट करत होता. तिन्ही कंडेन्सर मीटरवर ०.२ ते ०.२५ मायक्रोफॅरडच्या दरम्यान भरले, गरम करूनही. नुसता आकडा बरोबर आला म्हणून कंडेन्सर सुटत नाही हे मला माहीत आहे, कारण प्रत्यक्षात त्यावर दोन-तीनशे व्होल्टचा दाब येतो आणि मीटर तेवढा दाब देत नाही. पण पॉइंटचा चेहरा आणि मीटर एकच सांगत होते. कॉइलच्या प्रायमरीचा, म्हणजे बॅटरीकडून वीज घेणाऱ्या वेटोळ्याचा, रोध ३ ओहमच्या जवळपास भरला, जसा असायला हवा तसाच.

मग कॉइल का बदलली होती? काका म्हणाले, "घाटात मेकॅनिक आणला, त्याने कॉइलला हात लावला तर चटका बसला. म्हणाला, हीच गेलीय." हा मुद्दा मी वहीत दोनदा अधोरेखित केला. कॉइल काही मिनिटांत इतकी तापते कधी? चावी चालू आहे, इंजिन बंद आहे आणि पॉइंटमधून सतत प्रवाह वाहतोय, तेव्हा. बारा व्होल्ट भागिले तीन ओहम म्हणजे ४ अँपिअर, म्हणजे जवळजवळ ५० वॅट. सोल्डरिंगच्या चांगल्या कावीएवढी उष्णता त्या डबीत कोंडली जाते. अर्थात इंजिन थांबताना पॉइंट योगायोगाने बंद (एकमेकांना टेकलेल्या) अवस्थेत राहिले तरी हेच होतं, त्यामुळे यावरून लगेच काही ठरत नव्हतं. एवढं लक्षात ठेवलं की कॉइल दोषी असण्यापेक्षा सोसणारी असण्याची शक्यता जास्त आहे.

पुढचं काम बिघाडाला त्याच्या घरी जाऊन गाठायचं. गॅरेजात तो येत नाही, तर आपण घाटात जायचं आणि जो क्षण दोन सेकंदांत निसटतो तो डोळ्यांसमोर टिपायचा.

त्यासाठी दोन दिवे पुरतात. एक दिवा कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला, दुसरा पॉइंटकडच्या टोकाला, दोन्हींची दुसरी वायर अर्थला (गाडीच्या धातूच्या अंगाला), आणि दिवे लांब वायरीने गाडीच्या आत. पहिला दिवा विझला तर चावीकडून वीजच येत नाही: इग्निशन स्विच, फ्यूज, किंवा मधली वायर. पहिला चालू राहिला तर दुसऱ्याकडे बघायचं. पॉइंट बंद असताना तिथला व्होल्टेज शून्य, उघडे असताना बारा. चार सिलिंडरच्या या इंजिनाचे ३००० फेरे म्हणजे सेकंदाला १०० वेळा उघडझाप, त्यामुळे डोळ्यांना तो दिवा मंद आणि स्थिर दिसतो. बिघाडाच्या क्षणी तो एकदम प्रखर झाला तर पॉइंटपर्यंतचा मार्ग कुठेतरी तुटलाय. एकदम काळा झाला तर पॉइंट उघडूनही प्रवाह कुठेतरी अर्थला मिळतोय. आणि मंद तसाच राहिला तर हा भाग निर्दोष, पुढे कॉइलचा उच्च दाबाचा भाग, रोटर, कॅप, प्लगच्या वायरी तपासायच्या.

कागदावर छान. प्रत्यक्षात मी एक मूर्खपणा केला. दोन्हीकडे डॅशबोर्डचे साधे फिलामेंटचे बल्ब लावले, आणि गाडी सोसायटीच्या फाटकापर्यंतसुद्धा धड गेली नाही. मिसिंग, अडखळणं, सुरू व्हायला त्रास. काका माझ्याकडे बघत होते ती नजर मला पाठ आहे. कारण साधं होतं. पॉइंट उघडताना कॉइलच्या प्रायमरीत दोन-तीनशे व्होल्टची उसळी यावी लागते, तिच्यातूनच मोठी ठिणगी तयार होते. थंड फिलामेंटचा रोध जेमतेम काही ओहम, तो पॉइंटला समांतर टाकला की ती उसळी बल्बमध्येच जिरते. आजार शोधायला गेलेल्या डॉक्टरानेच आजार दिला. तपकीर गल्लीत जाऊन एक हिरवा एलईडी, १० किलोओहमचा रेझिस्टर आणि उलट दाब अडवायला एक १एन४००७ डायोड आणला, तिन्ही एकामागोमाग जोडले. आता कॉइलला त्याचा पत्ताही लागत नव्हता. पहिल्या जागी फिलामेंटचा पिवळा बल्ब चालतो, तो तसाच ठेवला. इतक्या कमी प्रवाहात एलईडी उन्हात दिसत नाही, म्हणून दोन्ही दिवे टूथपेस्टच्या रिकाम्या खोक्यात आत ढकलून बसवले आणि खोका मांडीवर घेतला.

एप्रिलच्या एका रविवारी मुद्दाम अकरा वाजता निघालो. काकांना एकच गोष्ट बजावली होती: बंद पडली की क्लच दाबायचा नाही, मी सांगेपर्यंत गिअरमध्येच ठेवायची. चाळीस वर्षांच्या सवयीविरुद्ध हे सांगणं सोपं नव्हतं. "अरे, मागून ट्रक येईल," ते म्हणाले. ते खरंच होतं, म्हणून मागे आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा त्याच्या गाडीत इंडिकेटर लावून चालत होता.

शिरवळ गेलं, काही नाही. हिरवा मंद, पिवळा स्थिर. घाट सुरू झाला. तिसरा गिअर, मग दुसरा. मी खोक्यात डोळा घातलेला. एका वळणावर काकांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि हिरवा गेला. पिवळा जसाच्या तसा. इंजिन मुकं. "क्लच नको!" मी ओरडलो. गाडी चढावर झपाट्याने मंदावत होती, दोन-तीन सेकंदच मिळाले असतील. तेवढ्यात हिरवा एकदा लुकलुकला, मागे सायलेन्सरमध्ये धडाम वाजलं, आणि पुन्हा काळोख. मग काकांनी क्लच दाबून गाडी कडेला घेतली, मी उतरून चाकामागे दगड लावला.

पिवळा चालू, हिरवा काळा. म्हणजे प्रवाह कुठेतरी अर्थला मिळतोय. मधल्या लुकलुकण्याने आणखी एक सांगितलं होतं. जोर असताना इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर एका बाजूला कलतं, आणि चाकं त्याला ओढू लागली की दुसऱ्या बाजूला. बाजू पालटली तेव्हाच ठिणगी क्षणभर परत आली. म्हणजे इंजिनाच्या हलण्याशी याचा संबंध आहे.

आता खरी कसोटी होती ती काहीही न हलवता तपासायची. मी डिस्ट्रिब्युटरला हात लावला नाही. काकांना सेल्फ मारायला सांगितला. इंजिन फिरलं, पण हिरवा लुकलुकला नाही, काळाच राहिला. पॉइंट योगायोगाने बंद थांबलेत ही शंका तिथे मिटली. मग डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर कॉइलच्या टोकाशी काढली. हिरवा लख्ख पेटला. म्हणजे कॉइल ठीक, दोष त्या वायरीत किंवा डिस्ट्रिब्युटरमध्ये. वायर परत जोडली, सेल्फ, पुन्हा काळोख. मग खिशातली लाकडी पेन्सिल काढली, पंख्यापासून हात लांब ठेवून ती वायर डिस्ट्रिब्युटरजवळ हलकेच बाजूला ढकलली आणि म्हटलं, "मारा सेल्फ." इंजिनाने पहिल्या फेऱ्यात धरलं. पेन्सिल सोडली, बंद. ढकलली, सुरू. तिसऱ्यांदा करताना काका स्टिअरिंगवरून उतरून बघायला आले, म्हणून तो प्रयोग अर्धवट राहिला.

वायर ढकललेल्या स्थितीत सुतळीने बांधली आणि तसेच वाईला जाऊन जेवून परत आलो. सुतळी बांधलेल्या अवस्थेत गाडी एकदाही थांबली नाही.

संध्याकाळी पार्किंगमध्ये डिस्ट्रिब्युटर उघडला. या गाडीत कंडेन्सर बाहेरून बसवलेला आहे. डिस्ट्रिब्युटरच्या अंगातल्या एका भोकातून एक स्क्रू आरपार जातो. बाहेर त्याला कॉइलची वायर आणि कंडेन्सरची वायर, आत पॉइंटची पट्टी. हा स्क्रू डिस्ट्रिब्युटरच्या धातूला कुठेही लागता कामा नये, म्हणून भोकात इन्सुलेशनचं बुश, म्हणजे स्क्रूभोवतीची छोटी नळी, असतं. पॉइंटच्या मध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकवलं, कॉइलची आणि कंडेन्सरची वायर सोडवली आणि स्क्रू ते बॉडी असा मीटर लावला. थंड असताना रोध अमर्याद. स्क्रू हलवला, तरी अमर्याद. हीच ती गॅरेजातली शहाणी गाडी. मग काकूंचा हेअर ड्रायर आणला. पाच-सात मिनिटं गरम हवा मारली, स्क्रू बाजूला दाबला, आणि मीटर ०.३ ओहमवर आला.

स्क्रू बाहेर काढला. बुशच्या जागी बॉलपेनच्या रिफिलचा तुकडा होता. एका बाजूने दबून, चिरून, तपकिरी पडलेला. भोकाच्या कडेला आणि स्क्रूच्या आट्यांवर समोरासमोर चकचकीत ठिपका. शेकडो वेळा धातू धातूला भिडल्याची खूण.

कधीतरी पॉइंट बदलताना मूळ बुश ठिसूळ होऊन तुटलं असणार आणि कुणीतरी रस्त्यावर हाताशी होतं ते वापरून गाडी सुरू करून दिली असणार. मला त्या माणसाचा राग आला नाही. संध्याकाळी सात वाजता, कुटुंब गाडीत बसलेलं असताना, ते काम कुणीही तसंच केलं असतं. पण तेवढ्याने बिघाड झाला नसता. दुसरं कारण ती वायर. कॉइल बॉडीला घट्ट, डिस्ट्रिब्युटर इंजिनावर, म्हणजे इंजिन कललं की दोघांतलं अंतर बदलतं. तिथे हवी बहुतारी लवचीक वायर, सैल वळण ठेवून. होती घरच्या वायरिंगची जाड एकेरी तार, तीही मोजूनमापून ताणलेली. इंजिन कललं की ती तार स्क्रूला ओढायची. हिवाळ्यात रिफिलचं प्लॅस्टिक कडक, ते दाद द्यायचं नाही. उन्हाळ्यात, तासभर चाललेल्या इंजिनाच्या अंगावर ते मऊ पडायचं, आणि चढावर दुसऱ्या गिअरच्या जोराने स्क्रू त्यातून सरकून कडेला टेकायचा. उष्णता आणि ओढ, दोन्ही एकत्र आल्याशिवाय बिघाड नाही. म्हणून घाट. सिंहगड रस्त्यावरचा तो एक प्रसंगही त्यातच बसतो, दर दहा फुटांवर पहिला गिअर घेत अर्धा तास.

आणि प्रत्येक कंडेन्सर गुणकारी का ठरला, तेही कळलं. कंडेन्सर बदलायचा तर याच स्क्रूचं नट सोडावं लागतं. नट परत आवळताना स्क्रू थोडा फिरतो, रिफिलची न चिरलेली बाजू कडेसमोर येते, आणि गाडी तीन आठवडे नीट. पॉइंट बदलतानाही हेच नट. कॉइल बदलली तेव्हा वायर काढून परत लावली गेली, तिचा ताण बदलला. देवमाणसांनी कॅप दाबली, वायर हलली. तापलेल्या कॉइलचंही उत्तर मिळालं, पंचवीस मिनिटं चावी चालू ठेवून सेल्फ मारत बसलं तर ४ अँपिअर तिच्यातून वाहणारच.

दुरुस्ती फार छोटी. मूळ बुश मिळतं का म्हणून नाना पेठेत दोन दुकानं फिरलो. एका दुकानदाराने पूर्ण डिस्ट्रिब्युटर घ्या म्हणून सांगितलं, दुसरा म्हणाला, "मुंबईच्या टॅक्सी होत्या तेव्हा असले सुटे भाग मिळायचे." ते खरं आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. गिऱ्हाईक गेलं की सुटे भागही हळूहळू जातात. शेवटी एका लेथवाल्याकडून हायलमच्या (उष्णता सोसणाऱ्या कडक इन्सुलेशनच्या) कांडीतून खांदा असलेलं बुश काढून घेतलं. टेफ्लॉनचा विचार केला होता, ते उष्णता भरपूर सोसतं, पण नटाच्या दाबाखाली काळाने पसरतं, आणि पसरणाऱ्या प्लॅस्टिकचा अनुभव ताजा होता. दोन्हीकडे फायबरचे वॉशर. वायर दीड चौरस मिलिमीटरची बहुतारी, सैल वळण देऊन. पॉइंटची फट ०.४५ मिलिमीटर केली, टायमिंग बल्ब लावून जुळवलं.

मग काकांना न पटणारी एक गोष्ट केली. नवी कॉइल काढून डब्यातली 'गेलेली' कॉइल लावली. नवा कंडेन्सर काढून सगळ्यांत पहिला, दोन वर्षांपूर्वी फेकलेला कंडेन्सर लावला. रोटरही जुनाच. "हे कशाला?" काकांनी विचारलं. गाडी आता नीट चालली, तर बुशामुळे चालली की पुन्हा एकदा नुसता हात लागल्यामुळे, हे मला कळायला नको का? अकरा वेळा याच गाडीने याच प्रकारे फसवलं होतं. दोषी ठरवलेले सगळे भाग परत जागेवर असताना गाडीने उन्हाळा काढला, तरच बुशावरचा आरोप टिकेल.

मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काकांनी पाच फेऱ्या केल्या, सगळ्या भरदुपारी. दोनदा मी खोका मांडीवर घेऊन बरोबर होतो. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, सोडून, पुन्हा दाबून, इंजिन मुद्दाम हिंदकळवून पाहिलं. हिरवा मंद, पिवळा स्थिर. घाट चढून गेल्यावर गाडी बंद करून, बोनेट न उघडता दहा मिनिटं तापत ठेवली, म्हणजे पेट्रोल लॉक व्हायचं असेल तर तेही होईल. अर्धा सेल्फ जास्त लागला, पण सुरू झाली.

एलईडी आणि वायरी आता काढून डिकीत ठेवल्या आहेत. नवी कॉइल बिस्किटाच्या डब्यात स्पेअर म्हणून गेली आहे. त्या अर्ध्या सेल्फवरून काकांचं मत मात्र आणखी पक्कं झालं की पेट्रोलचाही थोडा दोष होताच, आणि ओलं फडकं त्यांनी कप्प्यातून काढलेलं नाही.